गरिबी कोणत्या दाराने घरात येते?

सावनेर तालुक्याचा नकाशा समोर घेऊन बसले तर या भागात गरीब माणूस सापडायलाच नको, असे वाटते. वर काळी कसदार जमीन, तिच्यात कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्र्यांचे बगीचे. जमिनीच्या पोटात कोळसा. सिल्लेवाडा, वलनी, पाटणसावंगी आणि खुद्द सावनेरला खाणी निघाल्या. खाप्याजवळ गुमगावला मँगनीज. खापरखेड्याला वीज केंद्र, २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० चा एक, म्हणजे एकूण १,३४० मेगावॅट. सावनेरची कापसाची पेठ तर इंग्रजांच्या अमदानीपासून चालत आलेली. नागपूरसारखे मोठे शहर चाळीसेक किलोमीटरवर. निसर्गाने इथे हात आखडता घेतला, असे कोणीही म्हणणार नाही.

आता सकाळी सातला कोणत्याही वस्तीच्या तोंडाशी उभे राहा. निंदणाला, वेचणीला निघालेल्या बायका आटोत कोंबून भरलेल्या दिसतील. त्यांच्या पुढे ठेकेदाराच्या माणसाची वाट पाहत तरुण पोरे उभी असतात. त्यांतला एखादा आयटीआय झालेला, एखादा बी.ए. आज आपले नाव लागेल की नाही, हे त्यांना त्या घडीपर्यंत ठाऊक नसते. कोळसा यांच्या पायाखाली, वीज यांच्या शेजारी तयार होते, कापूस यांच्याच हातांनी वेचला जातो. आणि महिन्याच्या वीस तारखेनंतर किराणा उधारीच्या वहीवर आणावा लागतो तोही यांनाच.

आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी. पोटासाठी कारकुनी आणि उरल्या वेळात समाजाचे काम, यात आमची वीसएक वर्षे गेली. जमाखर्च लिहिणाऱ्याला एक खोड लागते. पैसा कमी पडला की तो माणसाच्या स्वभावाबद्दल बोलत नाही. पैसा कुठून यायचा होता, कुठे गेला आणि मधे कोणी ठेवून घेतला, एवढेच तो विचारतो. गरिबीलाही हेच प्रश्न विचारावेत, असे आम्हाला वाटते.

चहाच्या टपरीवर या प्रश्नाची उत्तरे फुकट मिळतात. ‘कामच करायला नको यांना.’ ‘दारूत उडवतात.’ ‘पोरं किती!’ आणि जुन्या वळणाचा कोणी भेटला तर, ‘मागच्या जन्माचं फळ आहे.’ हे शेवटचे उत्तर आपण १९५६ सालीच धुडकावले आहे, त्यात पुन्हा शिरत नाही. पण पहिली तीन उत्तरे हल्ली आपल्याच माणसांच्या तोंडून ऐकू येतात. ज्यांना पगारी नोकरी लागली, कॉलनीत घर झाले, त्यांच्या तोंडून तर विशेष. पहाटे चारला उठून स्वयंपाक, पाणी, पोरांचे डबे आटोपून दिवसभर वाकून निंदण करणारी आणि घरी येऊन पुन्हा चुलीपुढे बसणारी बाई आळशी, आणि पंख्याखाली बसून फाईल सरकवणारे आम्ही कष्टाळू, हा हिशेब काही आमच्या गळी उतरत नाही.

मागची पाने

कोणत्याही वहीत चालू वर्षाच्या आधी मागील बाकी लिहावी लागते. आपल्या समाजाची मागील बाकी पाहू.

मुंबई इलाख्यात महारवतनाचे जोखड होते, तसे नागपूरकडे नव्हते. इथे मालगुजारी होती. गावाचा सारा सरकारात भरायची जबाबदारी मालगुजाराची, आणि त्या बदल्यात गावाचा मालकी हक्कही त्याचाच. १९५० च्या कायद्याने ही पद्धत मोडली. त्या वेळी आपला भाग मध्य प्रदेशात होता. मालगुजारी गेली, पण मालगुजार स्वतः कसत होता ती ‘सीर’ आणि ‘खुदकास्त’ जमीन त्याच्याकडेच राहिली. ज्यांची नावे कागदावर कसणारे म्हणून होती, त्यांनाही हक्क मिळाले. जो पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात सालगडी म्हणून राबला, त्याचे नाव कोणत्याच कागदावर नव्हते, म्हणून त्याला काहीच मिळाले नाही. कायदा चांगला होता, पण ज्याच्याकडे कागद त्यालाच तो पावला. पुढे १९६१ साली कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. त्याच्या अलीकडे-पलीकडे, १९५९ आणि १९६४ साली, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. हजारो माणसे तुरुंगात गेली, त्यांत कडेवर लेकरे घेतलेल्या मायमाऊल्या होत्या. जी काही थोडी पडीत, गायरान जमीन आपल्या लोकांच्या नावावर दिसते, तिच्यामागे तो तुरुंगवास आहे.

जमीन नव्हती, पण हातात कसब होते. नागपूर भागातले आपले पूर्वज सूत कातीत, जाडेभरडे कापड विणीत. इंग्रज अधिकाऱ्यांनी तसे लिहून ठेवले आहे. आपल्याच तालुक्यातले खापा हे विणकरांचे गाव म्हणून प्रसिद्ध होते. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणीचे सूत आणि कापड स्वस्त पडू लागले, हातमागाचे गिऱ्हाईक तुटले आणि विणकर गिरणीच्या दारात मजूर म्हणून उभा राहिला. बोटांतले कसब त्याचेच होते, पण माग आता मालकाचा झाला. १९८६ साली ही गिरणी राज्य वस्त्रोद्योग महामंडळाने चालवायला घेतली आणि २००२ साली ती कायमची बंद पडली. म्हणजे सव्वाशे वर्षांत एकाच घराण्याने दोनदा धंदा गमावला. दोन्ही वेळा त्याच्या हाताचा काही दोष नव्हता. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेवर लिहिताना दाखवून दिले होते की जात ही कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांचीच चढत्या-उतरत्या पायऱ्यांवर केलेली वाटणी आहे. एक धंदा बुडाला की दुसऱ्यात शिरायची वाटच ती बंद करते. बुडणाऱ्याने पोहू नये, अशी ही व्यवस्था होती.

इथे एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपण मेलेली ढोरे ओढायची सोडली, तेव्हा पुष्कळ शहाण्यांना आपल्या खिशाची फार काळजी वाटली. कातडे, शिंगे, हाडे यांचे वर्षाकाठी पाचशे रुपये हे लोक बुडवतात, असा हिशेब मांडला गेला. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी याचा समाचार घेतला. इतका फायदा आहे तर ढोरे तुम्हीच ओढा, ते पाचशे तुम्हीच घ्या, वर आणखी पाचशे मी पदरचे देतो, असा त्यांच्या उत्तराचा मथितार्थ होता. अर्थशास्त्राचा एवढा मोठा पंडित, त्याला पाचशे रुपयांची किंमत कळत नव्हती काय? पण एखाद्या मिळकतीने माणूस कायम त्याच पायरीवर बांधून राहत असेल, तर ती खात्याच्या कोणत्या बाजूला लिहायची हे त्यांना बरोबर कळत होते.

कमी काय पडते?

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातल्या लहान शेतीधारणेवर एक निबंध लिहिला. त्या काळी सगळे विद्वान म्हणत, शेतीचे तुकडे लहान झाले म्हणून शेतकरी गरीब आहे, तुकडे जोडा. बाबासाहेबांनी उलट विचारले. तुकडा लहान आहे की मोठा, हे एकट्या जमिनीवरून कसे ठरवणार? त्या जमिनीवर लावायला बैल, अवजार, पैसा किती आहे, त्यावर ते ठरते. शेतीत जितके हात लागतात त्याहून जास्त हात तिच्यावर बसून आहेत, आणि ते बसलेले हात कमावत नाहीत, खातात. त्यांना दुसरीकडे, कारखानदारीत, काम द्या, म्हणजे शेतीही सुधारेल. शंभर वर्षांपूर्वीचे हे लिखाण आजच्या सावनेरला जसेच्या तसे लागू पडते. चार एकरवाल्या कास्तकाराचे दोन पोरगे त्याच वावरात आहेत, आणि शेजारच्या वस्तीतला भूमिहीन त्याच वावराच्या मजुरीवर टेकून आहे.

कास्तकारही काही सुखात नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. त्याच वेळी ऑगस्ट २०२५ मध्ये परदेशी कापसावरचे अकरा टक्के आयातशुल्क माफ झाले आणि ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली गेली. भाव दबला की कास्तकार काय कमी करणार? बियाण्याची पिशवी, खत, फवारणी यांचे भाव त्याच्या हातात नाहीत. त्याच्या हातात एकच भाव असतो, वेचणीचा. दिल्लीत शुल्क माफ होते आणि त्याचा भार किलोमागे दोन रुपये कमी होऊन आमच्या बाईच्या ओटीत पडतो. तिला आयातशुल्क हा शब्दही माहीत नसतो.

एक बाप, दोन मुलगे

आता या लेखातला मुख्य मुद्दा. आपल्या भागात गरिबीतून बाहेर पडलेली घरे पाहा. ती कशाच्या बळावर बाहेर पडली? थोडी शिक्षणाच्या, थोडी आरक्षणाच्या, आणि पुष्कळशी कायम नोकरीच्या बळावर. कोळसा खाणींचा कारभार ३० जानेवारी १९७३ ला सरकारने हाती घेतला आणि १ मे १९७३ ला त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याआधी खासगी मालकाच्या हाताखाली टोपल्याने कोळसा वाहणाऱ्या माणसाला एकदम पगारपत्रक मिळाले, भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा, दवाखाना आणि क्वार्टर मिळाले. त्याची पायाभरणी आधीच झाली होती. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडच्या खाणींना भेट दिली होती. १९४४ साली कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला तो त्यांच्याच कारकिर्दीत. किमान वेतनाचे विधेयक १९४६ साली त्यांनीच मांडले, १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला.

अशा घरातला एक बाप धरा आणि त्याचे दोन मुलगे. थोरला बापाच्या वेळच्या भरतीत कायम झाला. धाकटा त्याच शाळेत शिकला, कदाचित दोन वर्ग जास्तच, पण त्याच्या वेळेला भरती आटली होती. तो त्याच कामावर ठेकेदाराकडून जातो. हे नमुन्याचे घर आहे, पण असे घर ज्याच्या ओळखीत नाही असा वाचक या भागात विरळा.

धाकट्याचा महिना मांडू. रोजी ४५० रुपये धरा, कामाचे दिवस २२. झाले ९,९००. बायको महिन्यातले १२ दिवस निंदण-वेचणीला जाते, २५० रुपये रोजाने ३,०००. जमा १२,९००. आता खर्च. कंट्रोलचे धान्य २०२३ पासून फुकट मिळते हे खरे, पण तेल, डाळ, साखर, मीठमसाला, साबण धरून किराणा ४,५००. खोलीभाडे १,५००. गॅस आणि वीज १,५००. दूध-भाजी १,८००. दोन पोरांची शाळा आणि शिकवणी १,५००. पेट्रोल किंवा आटोभाडे १,०००. मोबाईल ५००. औषधपाणी ५००. बेरीज १२,८००. शिल्लक रुपये शंभर. यात कपडा नाही, पाहुणा नाही, सण नाही, दारू तर नाहीच. मातृशक्तीने हे आकडे आपल्या घराशी ताडून पाहावेत. फरक पडला तर तो खर्चाच्या बाजूलाच पडेल, असा आमचा अंदाज आहे.

शंभर रुपये शिल्लक म्हणजे घर चालले आहे. तसे पाहिले तर हे कुटुंब गरीब नाही असेही कोणी म्हणेल. आता त्या घरात ताप येतो. पंधरा दिवसांचा, साधा टायफॉईड समजा, बायकोला. थोरल्याच्या घरी हाच ताप आला तर तो रजा टाकतो, पगार चालू राहतो, कंपनीचा दवाखाना औषध देतो. धाकट्याच्या घरी काय होते? बायकोची रोजी बंद. तिला घेऊन मेडिकलला चकरा, म्हणून याचीही सहा-सात दिवसांची रोजी बुडते. बाहेरून आणायच्या गोळ्या, सलाईन, तपासण्या, जाण्यायेण्याचे भाडे वेगळे. आणि आठ दिवसांनी कामावर परतला तर ठेकेदाराने त्याच्या जागी दुसरा घेतलेला असतो. ताप दोन्ही घरी तोच, पण थोरल्याला तो पंधरा दिवस पडतो आणि धाकट्याला दोन वर्षे.

आमच्या मते आजच्या गरिबीचे मोठे दार हे आहे. रोजी किती, हा अर्धाच प्रश्न झाला. काम नसले, आजार आला, हात तुटला, पाऊस लांबला, तर तो तोटा कोणाच्या खात्यावर पडणार, हा दुसरा अर्धा. कायम नोकरीत तो तोटा मालकाच्या आणि सरकारच्या खात्यावर जात होता. ठेकेदारीत तो उचलून मजुराच्या घरात ठेवला. १९९१ नंतर नव्या आर्थिक धोरणाचे गोडवे पुष्कळ गायले गेले. कारखाने वाढले, उत्पादन वाढले, आम्ही नाही म्हणत नाही. पण कोळसा जास्त निघू लागला आणि कायम हात कमी झाले, हे त्याच काळात घडले. खाणीतल्या ठेका कामगारांसाठी २०१३ पासून वेगळा, चांगला दर ठरला. कागदावर तो आहे. बँकेत पूर्ण रक्कम जमा झाल्यावर तिच्यातली काही ठेकेदाराला रोख परत करावी लागते, अशा तक्रारी मजूर दबक्या आवाजात करतात; लिहून द्या म्हटले की गप्प होतात. त्यांचे गप्प बसणे आम्हाला कळते. उद्या नाव लागायचे असते.

टक्का म्हणजे किती टक्के?

आता ताप उतरला, पण पैसे उसने घेतले त्याचे काय? इथे आमच्या बी.कॉम.चा थोडा उपयोग होऊ द्या.

वस्तीत कोणी ‘पाच टक्क्याने दिले’ म्हणतो तेव्हा ते पाच टक्के महिन्याचे असतात. वर्षाचे साठ झाले. बँक बारा टक्के म्हणते तेव्हा ते वर्षाचे असतात. हा फरक सगळ्यांना कळतो. फसगत होते ती दुसऱ्याच ठिकाणी. समजा दहा हजार कर्ज, व्याज ‘सरळ बारा टक्के’, फेड बारा महिन्यांत. हिशेब सांगतात की व्याज १,२००, एकूण ११,२००, महिन्याचा हप्ता ९३३ रुपये. ऐकायला रास्त वाटते. पण दहा हजार तुमच्याकडे वर्षभर राहतात कुठे? पहिल्या महिन्यापासून तुम्ही मुद्दल परत करत आलात. सहाव्या महिन्यानंतर तुमच्याकडे जेमतेम निम्मी रक्कम उरली, व्याज मात्र पुऱ्या दहा हजारांवर चालू. घटत्या बाकीवर काढले तर हे व्याज बारा नाही, साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून कर्ज घेताना एकच वाक्य विचारावे, ‘व्याज सरळ की घटत्या बाकीवर?’ उत्तर द्यायला समोरचा घुटमळला की समजून घ्यावे.

ज्या घरात महिन्याला शंभर रुपये उरत होते, तिथे ९३३ चा हप्ता कुठून येणार? आधी दूध बंद होते. मग शिकवणी. मग दुसऱ्या गटाकडून कर्ज उचलून पहिल्याचा हप्ता भरला जातो. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केला की लहान कर्जांच्या बाबतीत कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल. पण आपल्या धाकट्याच्या घरी निम्मे म्हणजे ६,४५० रुपये झाले. तेवढा हप्ता भरून ते घर उरलेल्या पैशांत खाणार काय? हा नियम ज्याने केला त्याने किराण्याची यादी पाहिलेली दिसत नाही.

सावकारीबद्दल एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असावी. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवाना नसताना व्याजाने पैसे देणे हा गुन्हा आहे, आणि अशा व्यवहारात हडपलेली जमीन चौकशी करून परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे. तालुक्याला सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात अर्ज करता येतो. खरेदीखत करून दिले म्हणजे सगळे संपले, असे समजू नये.

रेषा कोणी ओढली?

सरकारी गरिबी मात्र रेषेने मोजतात. पुण्याच्या गोखले संस्थेतले दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली गाजलेला अभ्यास केला. रोज २,२५० उष्मांक पोटात जायचे तर १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात, असे त्यांनी मांडले. पुढे तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी खेड्यात माणशी महिना ८१६ आणि शहरात १,००० रुपये धरले गेले. म्हणजे खेड्यात दिवसाला सत्तावीस रुपये खर्च करणारा रेषेच्या वर. रेषेवर उभ्या माणसाला ताप आला तर तो कोणत्या बाजूला पडतो, हे रेषा सांगत नाही. ती त्या दिवसाचा फोटो आहे, आणि गरिबी तर वर्षभर खाली-वर होत असते.

भावाचे तर विचारूच नका. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर लिहिताना बाबासाहेबांचा आग्रह देशातले भाव स्थिर राहण्यावर होता. भाव चढतात तेव्हा व्यापाऱ्याचा माल महागतो, पण मजुराची मजुरी मागून, लंगडत येते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अमर्त्य सेन यांनी अभ्यास केला. त्यांना हेच दिसले की लाखो माणसे मेली तेव्हा धान्याचा तसा खडखडाट नव्हता. मजुराच्या खिशात त्या भावाचे पैसे नव्हते.

आपल्या घरातली भोके

एवढे लिहिल्यावर कोणी म्हणेल, सगळा दोष बाहेरचाच काय? दारूचे काय? दारूचे समर्थन आमच्या हातून होणार नाही. पंचशील घेणाऱ्याने ते करूही नये. दारूने घरे उद्ध्वस्त झालेली आम्ही पाहिली आहेत, आणि त्या घरातल्या बायांना शहाणपण शिकवायची आमची लायकी नाही. आमचे म्हणणे इतकेच की दारू पगारी माणसाच्या कॉलनीतही आहे. तिथे ती बचत पिते, वस्तीत ती पोरांचे दूध पिते. फरक दारूत नाही, खाली अंथरलेल्या जाळीत आहे.

लग्नाचे मात्र आपल्याच हातात आहे. बौद्ध पद्धतीचे लग्न विहारात अर्ध्या तासात, हार-फुलांच्या खर्चात होऊ शकते. पण हॉल, डीजे, दोन पंगती, मुलीला आंदण म्हणून कपाट, फ्रीज आणि आता मोटारसायकल. हुंडा घेत नाही म्हणणाऱ्यांच्या दारात ती मोटारसायकल उभी असते! जयंतीची वर्गणी द्यावी, आनंदाने द्यावी. पण त्यातले निम्मे डीजेवाल्याच्या घरी जात असेल तर मंडळाच्या तरुणांनी खर्चाचे पान विहारात लावून दाखवावे. ही भोके बुजवली म्हणजे गरिबी जाईल, असे आम्ही म्हणत नाही. पण तापासाठी घेतलेले कर्ज आणि डीजेसाठी घेतलेले कर्ज एकाच व्याजाने फेडावे लागते.

शिक्षणाचा खर्च हे नवीन दार आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली बाबासाहेबांच्या प्रयत्नाने सुरू झाली. तिच्यावर दोन पिढ्या शिकल्या, आम्हीही त्यांतलेच. आज खासगी कॉलेज आधी फी भरा म्हणते, शिष्यवृत्ती मागून येते, आणि मधल्या महिन्यांसाठी आई मंगळसूत्र गहाण टाकते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलामुलींसाठी २०१६-१७ पासून ‘स्वाधार’ योजना आहे. आपल्या कितीतरी घरांना तिची खबर तारीख उलटल्यावर लागते.

दीघ निकायात कूटदंत सुत्त आहे. त्यात चोऱ्या-लुटालुटीने हैराण झालेल्या राजाला पुरोहित सल्ला देतो की दंड करून हे थांबणार नाही. शेती करणाराला बी दे, व्यापार करणाराला भांडवल दे, चाकरी करणाराला वेतन दे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही तीन नावे आम्हाला आजही पुरतात. आपल्या तालुक्यात बी कंपनीच्या पिशवीत आहे, भांडवल साप्ताहिक हप्त्यावर मिळते आणि वेतन ठेकेदाराच्या खिशातून गळत येते.

जमिनीसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत, आणि २०१८ पासून पूर्ण अनुदानावर. पण सरकारचा ठरलेला दर आणि नागपूरच्या आसपासचा जमिनीचा बाजारभाव यांत एवढे अंतर आहे की त्या दराने विकणारा सापडत नाही. लेआउटवाले एकराच्या नाही, चौरस फुटाच्या भाषेत बोलतात. तरीही अर्ज करून ठेवावा. अर्जच नाहीत, म्हणून गरज नाही, असे उत्तर तरी त्यांना देता येऊ नये.

आणि धाकट्यासारख्या ठेका कामगारांसाठी. नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. १९४८ चा किमान वेतन कायदा आता त्यांत सामावला आहे. त्यांतले काय भले, काय बुरे, यावर स्वतंत्र लिहावे लागेल. एक गोष्ट जुन्या कायद्यातही होती आणि नव्यातही आहे. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. त्यासाठी आपण काम केल्याचा पुरावा लागतो. हजेरीचे कार्ड, गेटपास, वेतनचिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक, बँकेचे पासबुक, यांतले जे हाती असेल ते जपून ठेवावे, आणि यूएएन वर दर महिन्याला रक्कम जमा होते की नाही ते मोबाईलवर पाहावे. एकट्याने वेतनचिठ्ठी मागितली की दुसऱ्या दिवशी नाव लागत नाही, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून दहा-पंधरा जणांनी एकाच कागदावर सह्या करून मागावी आणि अर्जाची पोच घ्यावी. अर्ज लिहिता येत नसेल तर रविवारी संध्याकाळी वंदनेनंतर आम्ही विहारात बसतो. येताना कर्जाचे कार्डही घेऊन यावे, म्हणजे व्याज सरळ आहे की घटत्या बाकीवर तेही तिथेच काढून पाहू.